चांदणी अजून व्यायली कावून नाही

अमरावती, ५ सप्टेंबर

चि. सौ. गंगूस, थोरल्या जावेचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर चांदणीचं खोदून विचारलं की तुले आवाज येत नाही. म्हणून कागद. कागदाले रेंज लागत नाही. नातसून पौर्णिमा लिहून राहिली आहे. तिले म्हटलं, माझं बोलणं गोड करू नको.

डोळ्याच्या ऑपरेशनासाठी इकडे यायच्या आधी, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, मी स्वतः चांदणीले किसनरावच्या बोकडाकडे नेलं. शेळीचे पाच महिने. पोळा झाला, अन् तू म्हणतं अजून व्यायली नाही. कावून? पोटात हत्ती आहे काय?

गाभण शेळीले शेवटच्या दीड महिन्यात भरडा वाढवतात, हे तुले मीच शिकवलं. तो आषाढातच सुरू व्हायला पाहिजे होता. तू म्हणाली नागपंचमीपासून. एक तर तू तिले उपाशी ठेवलं, नाही तर ती गाभडली, पिल्लू अर्ध्यातच पडलं, अन् तू लपवून राहिली. जित्ती आहे का, एवढं सरळ लिही. 'सगळं बरं आहे' लिहू नको. ते तू सासूबाई वारल्या त्या दिवशीही म्हणाली होती.

तुझ्या पत्राची वाट पाहणारी, अन् तुले ओळखून असलेली,
पंचफुला

पातूर, ८ सप्टेंबर

ती. बाईंस, गंगूचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

चांदणी जिवंत आहे अन् गाभण आहे. कास भरून आली. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन मुठी ज्वारीचा भरडा, तुरीचं कुटार, शेवरीचा पाला. बुरशी धरलेलं कुटार तिले दाखवतही नाही. दारातून एकटीच काढतो, बाकीच्या शेळ्यांचा धक्का नको.

आता लपवलं ते. तुमी नेल्यापासून एकविसाव्या दिवशी ती पुन्हा माजावर आली. किसनराव गावाहून येईपर्यंत तुमी दीड दिवस थांबल्या होत्या. तेवढ्यात पहिला माज उतरला होता. अन् या खेपेस त्यांचा बोकड विकला गेलेला. म्हणून नत्थुजींचा दाखवला. बांधाच्या भांडणापासून वीस वर्षं तुमी त्यांच्या दारात गेल्या नाहीत. सांगितलं असतं तर डोळ्यावर पट्टी बांधून पहिल्या एस.टी.नं आल्या असत्या. याच आठवड्यात व्याईल.

रागवा, पण लोभ तोडू नका.
गंगू

अमरावती, ११ सप्टेंबर

चि. सौ. गंगूस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचून घेतलं. दोनदा खोटं वाटलं. मग बोटावर दिवस धरले, ते जुळतात. एवढं जुळवून खोटं बोलणं तुले जमत नाही. दीड दिवसाचं खरं आहे. मले किसनरावचाच बोकड पाहिजे होता, अन् शेळीले माझी हौस ठाऊक नव्हती.

व्याल्यावर जार ओढू नको, आपोआप पडू दे. कोमट गूळपाणी दे. पिल्लाले तासाभरात चीक पाजजो.

नत्थुजीले काही निरोप देऊ नको. डॉक्टरनं सोडलं, पुढच्या रविवारी येतो. त्याच्या दारात मीच जाईन. काय बोलायचं ते अजून सुचलं नाही. तू सोबत चल. पाच महिने तोंड बंद ठेवता येते तुले. तिथं घटकाभर ठेव.

माया तशीच आहे, शंका थोडी कमी झाली,
पंचफुला