दाराबाहेरची शांतता

४ सप्टेंबर

तीर्थरूप आजोबांना खारूचा वाकून नमस्कार, वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं हं हं करता आणि मला तुमचं मत कळत नाही, म्हणून कागद घेतला.

नोकरीला लागले, पण सातवीचा वर्ग अजून माझा होत नाही. कविता सुरू केली की मागच्या बाकांवर बाजार भरतो. सत्र संपायच्या आत मुख्याध्यापिका बाई माझ्या तासाला येऊन बसणार आहेत. नोकरी पक्की होणार की जाणार, हे त्यावर ठरेल.

इथे एक निवृत्त शिक्षिका आहेत. फी घेऊन शिक्षकांना खासगी मार्गदर्शन करतात. वर्गात मागे बसून बघतात आणि मग एकेक गोष्ट सुधारून घेतात. पहिली भेट फुकट होती, म्हणून त्यांना एका तासाला बसवलं. शेवटी एवढंच म्हणाल्या, की मी मुलांकडे बघतच नाही, समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाला शिकवते. मला राग आला. घरी पोचेपर्यंत पटलंही.

पुढच्या भेटींत पगाराचा बराच भाग जाईल. स्टाफरूममध्ये सहज विचारलं, असे पैसे कुणी देईल का. गणिताचे सर म्हणाले, बोलणी खायला पैसे कशाला, ती घरी फुकट मिळतात. शास्त्राच्या बाई म्हणाल्या, वरच्यांना कळलं तर मला शिकवताच येत नाही असा अर्थ लावतील. सगळे हसले. फक्त चित्रकलेच्या नव्या बाईंनी मला नंतर जिन्यात गाठलं आणि हळूच त्या शिक्षिकांचा नंबर मागून घेतला.

तुम्ही सांगाल तसं करीन. आणि ती दाढ दाखवा आता.

तुमच्या शब्दावर अडलेली,
खारू

९ सप्टेंबर

चि. खारूस, म्हाताऱ्या आजोबाचे पोटभर आशीर्वाद.

पोरांना शिकवणी लावतात हे ठाऊक होतं. मास्तरांनाही लावतात हे तुझ्यामुळे कळलं. आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. शिकवणं म्हणजे काय शिवणकाम आहे, की कुणी मागे बसून टाके तपासावेत?

माझ्या वर्गाच्या खिडक्या पश्चिमेला होत्या. शेवटच्या तासाला ऊन तिरपं आत येई आणि खडूची पूड त्यात तरंगत राही. मी पुस्तक मिटायचो, मग डोळे मिटायचो आणि कविता म्हणू लागायचो. एवढा भरलेला वर्ग, पण कुणाचा बाक करकरल्याचं आठवत नाही. ती शांतता अजून कधी कधी दुपारी पडल्या पडल्या मला ऐकू येते. घर झालं, संसार झाला, पण माझी खरी कमाई कोणती असं कुणी विचारलं तर मी तीच सांगेन. समोरचा माणूस कवितेत बुडालेला दिसला की पोरं आपोआप मागून उतरतात, खारू. हे कुणी पैसे घेऊन शिकवू शकत नाही.

तेव्हा त्या बाईंना फी देऊ नकोस. मास्तर तुझ्या घरातच आहे. मुख्याध्यापिका येतील त्या दिवशी कविता तोंडपाठ म्हण, डोळे मिटून घे आणि शेवटची ओळ संपेपर्यंत उघडू नकोस. थोडी कुजबुज झाली तरी नाही. ती विरते.

दाढ ठणकतेच आहे. इथला दातांचा डॉक्टर माझाच जुना विद्यार्थी निघाला. त्याच्यापुढे आ करून बसायचं जिवावर येतं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा आजोबा

११ ऑक्टोबर

तीर्थरूप आजोबांना नमस्कार.

तुम्ही सांगितलं तसं केलं. त्या निवृत्त बाईंना नको म्हणून कळवलं होतं. कविता रोज आरशासमोर घोकली.

मुख्याध्यापिका मागच्या खुर्चीवर बसल्या. मी पुस्तक मिटलं, डोळे मिटले. पहिलं कडवं खरंच शांत गेलं. मला वाटलं, आलीच ती तुमची शांतता. दुसऱ्यात कुजबुज सुरू झाली, मग बाक सरकले, कुणीतरी फिस्सकन हसलं. मी डोळे उघडले नाहीत. विरेल, विरेल म्हणत शेवटच्या ओळीपर्यंत गेले.

उघडले तेव्हा दोन पोरं खिडकीत चढून बसली होती. पुढच्या बाकावरच्या मुलीची वेणी कुणीतरी बाकाला बांधून टाकली होती आणि ती आवाज न करता रडत होती. माझ्यापासून दोन हातांवर, आजोबा.

मुख्याध्यापिका रागावल्या नाहीत. कविता छान म्हणता, पण एवढा वेळ तुम्ही वर्गात नव्हता, असं म्हणाल्या. नोकरी सत्राअखेरपर्यंतच आहे.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. डोळे माझे होते.

खारू

२० ऑक्टोबर

चि. खारूस, आशीर्वाद. ते द्यायला आज हात उचलवत नाही.

तुझं पत्र आलं आणि दाढेने उचल खाल्ली, तेव्हा गेलो एकदाचा डॉक्टरकडे. खुर्चीत आडवं करून त्याने माझ्या तोंडात दोन बोटं, एक आरसा आणि कापूस घातला आणि मोठ्या प्रेमाने जुन्या गोष्टी काढल्या. म्हणाला, सरांच्या कवितेच्या तासाला आमची काय टरकायची. सरांनी डोळे मिटले की हेडसर चपला काढून दाराबाहेर येऊन उभे राहत. जो हलेल त्याच्याकडे नुसतं बोट दाखवत. तास सुटला की त्याने ऑफिसात जायचं, तिथे छडी असे. आम्हाला वाटे, हे तुमचं दोघांचं ठरलेलंच आहे. एवढं सांगून तो हसला. माझं तोंड उघडं होतं, पण बोलता येत नव्हतं.

माझं काही ठरलेलं नव्हतं, खारू. मला दारच कधी दिसलं नाही. जिला मी जन्मभर कवितेची शांतता समजलो, ती दाराबाहेर उभी होती. आणि तीच मी तुला तुझी शिदोरी म्हणून बांधून दिली, बाहेर कुणी नसलेल्या वर्गात.

सोबत पैसे पाठवतो आहे. त्या बाईंकडे जा. त्या एका तासात जे बघून गेल्या, ते मला सबंध नोकरीत दिसलं नाही. अजून काही वाचत असेल तर वाचव.

दाढ काढली. जागा रिकामी लागते.

तुझा आजोबा

६ नोव्हेंबर

तीर्थरूप आजोबांना खारूचा नमस्कार, वि. वि.

पैसे परत पाठवते आहे. बाईंकडे गेले होते. त्यांनी चहा दिला, फी घेतली नाही. म्हणाल्या, मला मागे बसायला वर्ग लागतो, तो मिळाला की ये. मी दोन शाळांत विचारून आले. दोन्हीकडे आधीची शाळा का सुटली तेवढंच विचारलं.

माझी सातवी आता त्या चित्रकलेच्या बाईंकडे दिली आहे. त्या निवृत्त बाईंची फी भरतात, कुणाला सांगत नाहीत. परवा राहिलेला पगार आणायला शाळेत गेले, तेव्हा त्यांच्या वर्गावरून आले. आत गलका होता, पण सगळी पोरं त्यांच्याकडेच बघत होती, आणि त्या पोरांकडे.

सोमवारपासून औषधांच्या दुकानात बसते. चिठ्ठी घेताना माणसाच्या चेहऱ्याकडे बघते. सवय लागली आहे, उशिरा.

घरात कुणी तुम्हाला बोल लावलेला नाही, मीही नाही. रविवारी येते आहे. मऊ भात करून ठेवा, तुम्हाला चावायला नको. जेवण झाल्यावर ती कविता म्हणा, पण माझ्याकडे बघून. समोर मी एकटीच असेन. दार उघडंच ठेवू, बाहेर कुणी नाही हे दोघांनाही दिसेल.

तोवर तब्येतीला जपा आणि माझ्यावरचा जीव आहे तसाच राहू द्या.

तुमची,
खारू