मनकर्णेचं बाळंतपण

अमरावती, ५ डिसेंबर १८६४, सोमवार

आज दाई-वर्गाच्या राहत्या खोलीत घडलेली हकीकत, क्रमाने:

१. दुपारी दोनच्या सुमारास जुन्या चौघींनी नवी विद्यार्थिनी मनकर्णा हिला बाजेवर निजवलं.
२. लुगड्याखाली पोटाशी रुईची उशी बांधली.
३. कळा द्यायला सांगितलं. तिने दिल्या नाहीत. पार्बताबाईने चिमटे काढले. मग दिल्या.
४. तानुबाईने उशी बाहेर ओढली, तिला टोपडं घातलं आणि "पोरगा" असं जाहीर केलं.
५. फाटकाशी बैलांना पाणी पाजायला थांबलेल्या कापसाच्या गाडीवानांना गूळ वाटला.
६. मनकर्णा सतरा वर्षांची आहे. विधवा आहे.

मी तेव्हा दवाखान्यात होते. मी असते तर हे घडलं नसतं. मुंबईहून शिकून येऊन मी हा वर्ग सुरू केला त्याला आठ महिने झाले. वर्ग चालवणाऱ्या कमिटीने शिस्त माझ्याकडे सोपवली आहे. आठ महिन्यांत एकही गडबड नव्हती, यापुढेही होणार नाही. परवापासून नियम.

६ डिसेंबर, मंगळवार

चौकशी, सकाळी सात ते सव्वाआठ.

तानुबाई जुन्यांतली थोरली. तिचं म्हणणं: "बाई, सकाळी तुमीच तं तिले टेबलावर निजवता. आमी बाजेवर निजवलं." उत्तर उद्धट. मुंबईहून मागवलेली चामड्याची बाहुली येईपर्यंत, पोट कसं चाचपावं हे दाखवायला कोणीतरी निजावं लागतं. ते शिक्षण आहे. शिवाय टेबल बाजेपेक्षा नऊ इंच उंच आहे.

पार्बताबाई म्हणाली, "नवीले असंच करत असतेत. मले तं जुळे झाले व्हते." बाकीच्या हसल्या. ती ऑगस्टात आली, म्हणजे हे ऑगस्टात झालं. मला कोणी कळवलं नव्हतं. त्यामुळे काल लिहिलेलं "एकही गडबड नव्हती" हे माझ्या माहितीपुरतं बरोबरच राहतं.

मनकर्णेला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं, तक्रार आहे का. ती म्हणाली, "नाही, बाई." नोंद: तक्रार नाही.

७ डिसेंबर, बुधवार

नियम लावले. एक, नवीला त्रास देणं बंद. दोन, तक्रार लेखी द्यावी, खाली नाव घालावं. तीन, दोघींची साक्ष असावी. औषधाच्या रिकाम्या खोक्याला फट पाडून दाराशी ठेवलं. नियम मी वाचून दाखवले, कारण वर्गाची मुळाक्षरं अजून 'ठ'पर्यंतच झाली आहेत. तक्रारीपुरती पुरावीत.

१० डिसेंबर, शनिवार

खोकं उघडलं. सुपारीचं एक खांड निघालं. तक्रार धरता येत नाही.

१२ डिसेंबर, सोमवार

वर्गाची तपासणी अकोल्याच्या डॉक्टरसाहेबांकडे असते. त्यांना रिपोर्ट धाडला. विद्यार्थिनी आठ, तक्रारी शून्य. पाच तारखेचं टिपण जोडलं नाही. तक्रारच नाही, तर टिपण कशाचं?

धाडण्याआधी कमिटीचे चिटणीस भगवंतराव यांना दाखवला. त्यांचा कापसाचा व्यापार. म्हणाले, "बाई, कापूस सोन्यावानी चालला. गावच्या गाव वेचणीले पळून राहिलं. असल्यात आठ बाया टिकल्या, हेच लय झालं. खपली काढू नका." बोलणं रांगडं, मुद्दा रास्त. वर्ग बंद पडला तर नव्यांना त्रास देणारंच कोणी उरणार नाही, हे खरं, पण तो उपाय नव्हे.

१५ डिसेंबर, गुरुवार

सकाळचा पाठ: गर्भाचं डोकं कुठे आहे ते हाताने ओळखणं. गर्भ नाही, तेव्हा कल्पनेने.

दुसरी नवी विद्यार्थिनी कौशल्या. आज टेबलावर निजायला तिला सांगितलं. ती म्हणाली, "माह्या सासूले कळलं तं मले घरात घेनार नाही." कारण पटण्यासारखं. तिला सूट दिली. मनकर्णेला सासर उरलेलं नाही, त्यामुळे हरकत घेणारं कोणी नाही. सोयीचं पडलं. तिच्या पोटाचे स्नायू फार ताठ, शिकवायला अडचण होते. सैल सोड म्हणून तीनदा सांगितलं. तिने डोळे मिटले. पाठ बावीस मिनिटं.

दुपारी राहत्या खोलीत अचानक जाऊन पाहिलं. सगळ्या निजलेल्या. पार्बताबाई जरा जास्तच निजलेली. नियम लागू पडत आहेत.

२० डिसेंबर, मंगळवार

नत्थुजी गाडीवान फाटकावर एक गाठोडं देऊन गेला. हिवरखेडहून, मनकर्णेचा भाऊ खुशालराव याच्याकडून. तपासणीसाठी उघडलं. दोन लुगडी, एक फणी, आईचा पितळी तांब्या. चिठ्ठी नाही.

नत्थुजीला विचारलं, हे का? तो म्हणाला, "गावात समदीकडं झालं, मनकर्णेले पोरगा झाला म्हून. मीच सांगतलं. आमी गूळ खाल्ला ना." ती उशी होती, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं. त्याने बैलांच्या मानेवरून हात फिरवला. "असन बाई उशी. पन आता कोन आयकते?"

मनकर्णेने गाठोड्याला होती तशी गाठ मारली आणि ते उशाशी ठेवलं. रडली नाही. नोंद: गाठोडं एक, पोच दिली.

तानुबाई संध्याकाळी माझ्याकडे आली. "मी जातो हिवरखेडले. तिच्या भावाच्या पाया पडतो, सांगतो का हे समदं आमचं होतं." जाऊन-येऊन पाच दिवस गैरहजर राहिली असती. परवानगी दिली नाही. अशी कामं कागदाने करायची असतात.

२१ डिसेंबर, बुधवार

मनकर्णा आपण होऊन बोलली. आल्यापासून पहिल्यांदा. "बाई, तुमी लिवून द्या. तुमची सही घाला. दादा तुमचं मानन."

मागणी योग्य होती. लिहायला बसले. "सदर बाईचे बाळंतपण झालेले नाही" असं लिहायचं, तर ते कशावरून, हे लिहावं लागेल. न तपासता दाखला देणं आमच्या शिक्षणात बसत नाही. मी तिला सांगितलं, उद्या सकाळी टेबलावर नीज, दहा मिनिटांत तपासते, म्हणजे दाखल्यावर कोणी बोट ठेवू शकणार नाही.

ती पदर सावरून खोलीत गेली. होकार समजले.

२२ डिसेंबर, गुरुवार

हजेरी: सात. मनकर्णा गैरहजर. गाठोडंही नाही.

टेबल पुसून ठेवलं होतं. साडेसात वाजेपर्यंत वाट पाहिली.

पार्बताबाई म्हणाली, "वेचणीले गेली असन. तिथं कोनी नाव नाही पुसत." मला वाटतं घरी गेली असावी. भावाने गाठोडं रागाच्या भरात पाठवलं, समोर पाहिल्यावर राग जाईल. अशा वेळी मध्ये पडू नये. दाखला ती परत आल्यावर देता येईल.

२९ डिसेंबर, गुरुवार

परत आली नाही. खोक्यात काही नाही. नत्थुजीची गाडी या बाजूला फिरकली नाही. सण-सुगीचे दिवस, उशीर व्हायचाच.

कौशल्याने विचारलं, "मनकर्णीचं काही समजलं का?" मी म्हटलं, समजेल. तिने मग सगळ्यांच्या देखत तानुबाईला विचारलं, "आता पुढचं पोरगं कोनाले होनार?" तानुबाई उठून बाहेर गेली.

२ जानेवारी १८६५, सोमवार

चामड्याची बाहुली आली नाही. पाठाला निजायला कोणी तयार नाही. हुकूम केला, तरी सगळ्या जमिनीकडे पाहत राहिल्या. शेवटी तानुबाई म्हणाली, "बाई, आज तुमी निजा." आवाजात थट्टा नव्हती.

हरकत घेण्यासारखं काहीच नव्हतं. घड्याळ तानुबाईच्या हातात दिलं, टेबलावर निजले, पोटावरचं लुगडं स्वतः सारलं. सात जणी भोवती. पार्बताबाईचे हात गार. छताकडे पाहायचं ठरवलं होतं. खिडकीबाहेर माळी झाडांना पाणी घालत होता, तो थांबला.

उठले. तानुबाई म्हणाली, एक मिनिटसुद्धा झालं नाही. मला दोन दिवस सर्दी आहे, म्हणून.

पाठ रद्द.

९ जानेवारी, सोमवार

अकोल्याहून डॉक्टरसाहेबांचं पत्र. वर्गाच्या शिस्तीबद्दल समाधान. "तक्रारी शून्य" याखाली त्यांनी रेघ ओढली आहे. अकोल्यात असाच वर्ग काढायचा आहे, तेव्हा मी माझे नियम लिहून पाठवावेत.

नियम लिहायला घेतले. पहिला लिहिला. दुसऱ्याला थांबले.

आज तो कागद पुरा होणार नाही.

१० जानेवारी, मंगळवार

डॉक्टरसाहेबांना पाच डिसेंबरच्या टिपणाची नक्कल धाडली, शून्य खोडून घ्यावं म्हणून. दुसरं पत्र हिवरखेडला. सोबत तानुबाईला पाठवते आहे. तिची गैरहजेरी लावायची नाही. पत्राची प्रत इथे ठेवते:

"खुशालराव यांस,

तुमची बहीण मनकर्णा हिला मूल झालेलं नाही. पाच डिसेंबरला वर्गातल्या बायकांनी तिची थट्टा केली. उशीला पोर म्हटलं आणि गूळ वाटला. हे मी त्याच दिवशी लिहून ठेवलं, पण कोणाला कळवलं नाही.

त्या बायकांनी ते माझ्याकडून उचललं. शिकवण्यासाठी मी तिला रोज सकाळी सर्वांसमोर निजवत होते. ती कधी हो म्हणाली नव्हती. मी विचारलंच नव्हतं.

तिने माझ्याकडे एक कागद मागितला. तो मी वेळेवर दिला नाही. तो हाच. तिला तपासल्याशिवाय मी सही करते आहे.

ती बावीस डिसेंबरपासून इथे नाही. तुमच्याकडे असेल, तर तिला हे वाचून दाखवावं. तिने माझ्याशी बोलावं असं मी मागत नाही. तुमच्याकडे नसेल, तर तेही लिहावं, म्हणजे आम्ही अकोल्याकडच्या वेचणीच्या शेतांत शोधायला निघू.

ती आहे की नाही, एवढंच उत्तर तानुबाईच्या हाती बुधवार, अठरा जानेवारीपर्यंत द्यावं."