तक्त्याप्रमाणे पान एकशे साठ

१ जानेवारी, सकाळी
नवं वर्ष, नवी वही. ऑफिसातून ‘मासिक देखभाल तक्ता’ छापलेले बारा कोरे कागद आणले आहेत. चोरी नव्हे. सुपरवायझरला एवढा अधिकार असतो. असावा. बावीस वर्षं लोकांच्या लिफ्टची देखभाल करतोय, स्वतःची एकदाही केली नाही. तक्त्यावरचे ‘दोर’, ‘ब्रेक’ आणि ‘दार’ हे शब्द तसेच ठेवून पुढे माझे संकल्प लिहिले. दोर: रोज वीस पानं वाचन. ब्रेक: गोड बंद. दार: दर रविवारी धाकट्या बहिणीला फोन. समोर ‘तपासले’ आणि ‘शेरा’ असे रकाने आहेतच. तक्ता फ्रिजवर लावला. नुसतं बघूनच निम्मं काम झाल्यासारखं वाटलं.

१ जानेवारी, दुपारी
धाकटी आणि तिचा नवरा जेवायला आले होते. तिने मला एक जाडजूड कादंबरी दिली. पाचशे चाळीस पानं. म्हणाली, माझी वाचून झाली, आता तू वाच, आणि दादा, नुसती कपाटात ठेवू नकोस हं. मी तिला हाताला धरून फ्रिजपाशी नेलं आणि तक्ता दाखवला. हसली. निघताना दारातून परत आली नि म्हणाली, लवकर वाच. एवढी घाई कसली कळेना. आणखी कुणाला तरी द्यायची असेल.
जरा उतरल्यासारखी दिसत होती. गोडाला तर हातही लावला नाही. वाया जाऊ नये म्हणून तिच्या वाटचं मी खाल्लं. ब्रेक उद्यापासून.

३ जानेवारी
दोन दिवसांत तेवीस पानं! सुरुवात दणक्यात. कादंबरी घड्याळाच्या मनोऱ्यावरच्या एका रखवालदाराची आहे. घड्याळाला किल्ली द्यायला तो रोज एकशे सत्तर पायऱ्या चढतो. तेविसाव्या पानापर्यंत तो चाळिसाव्या पायरीवर पोचलाय आणि दर पायरीला त्याला काहीतरी आठवतं. तिथे साधी चार माणसांची लिफ्ट बसवली असती तर कादंबरी शंभर पानांत आटोपली असती.

५ जानेवारी
वाचन नाही. एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक वकील बाई. तिला बाहेर काढायला वीस मिनिटं लागली आणि तिचं बोलणं ऐकायला दीड तास. घरी आलो तो डोकं दुखतच.
मात्र तक्त्यावर रविवारपर्यंतच्या सगळ्या दिवसांना टिक मारून टाकली. रोज पेन शोधण्यात वेळ जातो. शिवाय टिक आधीच झालेली असली की मागे पडल्याचं दडपण राहत नाही, माणूस मोकळ्या मनाने वाचतो.

६ जानेवारी
मेकॅनिकला झापलं. दोर न बघताच त्याने कार्डावर टिक मारली होती. म्हणे, साहेब, मागच्या महिन्यात बघितला होता, तसाच असणार. मी म्हटलं, टिक म्हणजे आपला शब्द असतो, त्या शब्दाच्या भरवशावर लोक आत पाय टाकतात. माझं बोलणं मलाच आवडलं. तो बिचारा मान खाली घालून उभा.
घरी आल्यावर फ्रिजकडे बघवेना. पाणी माठातलं प्यायलो. पण मी म्हणतो, पुस्तक न वाचल्याने कुणी खाली कोसळत नाही.

९ जानेवारी, रविवार
धाकटीचाच फोन आला. म्हणजे ‘दार’ झालं. फोन कोणी लावला यासाठी वेगळा रकाना नाही.
पहिलाच प्रश्न, पुस्तक कुठवर आलं? मी फ्रिजकडे बघून हिशेब केला. आठ दिवस, रोज वीस. एकशे साठ, म्हटलं. हे काही खोटं नव्हे. तक्त्याप्रमाणे एकशे साठच होतात. ती म्हणाली, नक्की ना, म्हणजे शंभराच्या बरंच पुढे? मी म्हटलं, बरंच. म्हणाली, मग? मी म्हटलं, मग काय, छान आहे, भाषा ओघवती आहे. ती म्हणाली, आणखी काहीच बोलायचं नाहीये का तुला? मी विचार करून म्हटलं, पायऱ्यांचं वर्णन जरा लांबलंय. यावर तिने नुसतं बरं म्हटलं आणि फोन ठेवून दिला.
आवडतं पुस्तक दिसतंय तिचं. टीका जपून करायला हवी होती.

२७ जानेवारी
तक्त्याप्रमाणे पुस्तक आज संपलं. समाधान वाटलं. शेवट चटका लावणारा असावा.

१३ फेब्रुवारी
रविवार. फोन केला. कामात आहे, नंतर बोलते, म्हणाली. तिसरा रविवार असाच. आपण संकल्प करायचे आणि लोकांनी साथ द्यायची नाही.

१० मार्च
आईचा फोन आला, तोही मला नाही, हिला. आई धाकटीच्या घराजवळच राहते, त्यामुळे बातम्या तिच्याकडून येतात. धाकटीला दिवस गेलेत. चौथा महिना लागलाय.
ही बातमी मी माझ्या बायकोच्या तोंडून ऐकावी? ती फोनवर हसतेय, डोळे पुसतेय, आणि मी समोर चमचा घेऊन उभा. आईला माहीत, शेजारच्या मावशींना माहीत, आणि सख्खा मोठा भाऊ सगळ्यांच्या शेवटी. लहानपणी धाकटीची सायकल मी धरली. परीक्षेच्या निकालाला तिच्याबरोबर मी गेलो. त्याचं हे फळ.
मागच्या वेळचं मनात धरलं असेल का? दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या महिन्यात तिचं बाळ गेलं, तेव्हा मी हॉस्पिटलमध्ये गेलो नव्हतो. तीन लिफ्टचं वार्षिक इन्स्पेक्शन होतं. एकीचं होतं, बाकी दोन पुढच्या आठवड्यात होती. तिथे जाऊन काय बोलायचं तेच सुचत नव्हतं. ‘काळजी घे’ असा मेसेज मात्र लगेच केला होता.
तो विषय आज नको.

२० मार्च
निर्णय: तिने स्वतः सांगेपर्यंत मी फोन करणार नाही. यात राग नाही, तत्त्व आहे. तक्त्यावर ‘दार’च्या रांगेत शेरा लिहिला: तात्पुरते बंद.

१४ मे
डॉक्टरांनी धाकटीला पूर्ण झोपून राहायला सांगितलंय. ही दर शनिवारी तिच्याकडे जाते. आज म्हणाली, तीही तुमची चौकशी करत नाही, तुम्हीही तिची करत नाही, काय भांडण झालंय का? मी म्हटलं, भांडायला आधी बोलावं लागतं. म्हणाली, मग बोला. बायकांना तत्त्व समजत नाही.
आज ही गेल्यावर सगळी दुपार मोबाइल हातात घेऊन बसलो होतो. धाकटीचं नाव काढायचं, बघायचं, ठेवायचं. सात वेळा. छातीत जळजळ. ॲसिडिटी. अर्धा किलो पेढ्यांवर उपाशीपोटी दुसरं काय होणार.
कादंबरीचा मात्र उपयोग होतोय. वाऱ्याने गॅलरीचं दार आपटतं, तिथे ती बरोबर बसते. लिफ्टच्या दारात कुंड्या आणि चपला अडकवणाऱ्यांना मी जन्मभर ओरडत आलो. घरच्या दाराची गोष्ट वेगळी.

१२ जुलै, रविवार नाही, मंगळवार
आज ही गॅलरी झाडत होती. पुस्तक उचललं तर त्यातून चिठ्ठी पडली. हिने ती वाचली आणि माझ्यासमोर धरली. चिठ्ठी एकशे अठराव्या पानावर होती, पानाचा आकडा धाकटीने वर लिहिलाय. इथे उतरवून ठेवतो. ठेवायलाच हवी.

‘३० डिसेंबर. दादा, तुझा वेग मला माहीत आहे, पुढच्या रविवारपर्यंत इथे पोचशील. तू मामा होणार आहेस. घरात आम्ही दोघं सोडून कुणालाच माहीत नाही. आईला सांगितलं तर ती माझ्याआधी घाबरेल. मागच्यासारखंच झालं तर, असं सारखं मनात येतं. रात्रंदिवस तेच. तू फक्त फोन कर. धीर वगैरे देऊ नकोस, तुला जमत नाही. नेहमीसारखं काहीतरी फालतू बोल.’

लहानपणी दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं. खासगी बोलायला जागाच नव्हती. म्हणून जे तोंडाने सांगता येत नाही ते आम्ही दोघं चिठ्ठीवर लिहून वाचनालयाच्या पुस्तकात घालायचो, आणि पुस्तक दुसऱ्याला द्यायचो. माझं गणितात नापास होणं असंच गेलं. तिला लग्न कुणाशी करायचंय हेही मला घरात सगळ्यांच्या आधी पान नव्वदवर कळलं होतं. मी सगळं विसरलो. ती विसरली नाही.
आणि नऊ जानेवारीला मी तिला काय सांगितलं? एकशे साठ. भाषा ओघवती आहे. पायऱ्यांचं वर्णन लांबलंय.
तिला वाटलं असणार, मी चिठ्ठी वाचली.
सहा महिने तिला हेच वाटतंय.

१३ जुलै
ऑफिसला गेलो नाही. हिने जेवायला वाढलं, पण बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.
ठरवलं: आजच फोन करून सगळं कबूल करायचं. अकरा वाजता लावला, आईने उचलला. धाकटी नुकतीच झोपली होती. उठवू का, आई म्हणाली. मी घाईघाईने म्हटलं, नको, नको, झोपू दे तिला. ठेवल्यावर इतकं हलकं वाटलं की स्वतःची शरम वाटली.

१५ जुलै
नवा विचार. आधी खरोखर पान एकशे अठरापर्यंत वाचायचं आणि मग फोन करायचा. म्हणजे ‘आत्ताच पोचलो’ असं म्हणता येईल, आणि ते खरं असेल. पंच्याण्णव पानं फक्त. रोज वीस म्हटलं तरी पाच दिवस.
आज तीन झाली. रखवालदार अजून जिन्यातच. त्याला खाली मुलीने हाक मारलीय आणि तो वळून बघत नाहीये. पुढे वाचवेना.

२५ जुलै
मेकॅनिकने पुन्हा तेच केलं. मेमो टाइप केला, सहीसाठी समोर आला, सही झाली नाही. फाडला. तो घाबरला. म्हणाला, साहेब, नोकरीवरून काढताय का? मी म्हटलं, नाही रे, जा, वर जाऊन दोर बघून ये. तो गेला. वर जाणं इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं.
हिने आज एवढंच विचारलं, तुम्ही सांगणार की मी सांगू? मी म्हटलं, मी. रविवारी. नक्की.

३१ जुलै, रविवार
पाऊण तास लिहून मुद्दे काढले. पहिला मुद्दा: त्या काळातला कामाचा ताण. दुसरा: तक्त्याच्या रचनेतला दोष. तिसरा मुद्दा लिहिताना सगळाच कागद चुरगळला. फोन राहिला.

९ ऑगस्ट, सकाळी सहा
आईचा फोन. मुलगी झाली. पंधरा दिवस आधीच, पण दोघी सुखरूप आहेत. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडलो. नळ बंद करायला हीच आत आली.

९ ऑगस्ट, संध्याकाळी
हॉस्पिटलला गेलो. चौथा मजला. लिफ्टमधलं इन्स्पेक्शन कार्ड वाचलं, तारखा तपासल्या, दारं दोनदा उघडमीट करून बघितली. ही म्हणाली, पुरे. आणि मला खोलीत ढकलून स्वतः बाहेर थांबली.
धाकटी उशीला टेकून बसली होती. बाळ शेजारच्या छोट्या पलंगावर. मला बघून म्हणाली, ये, बस. पाहुण्याला म्हणतात तसं. मुद्दे पाठ केले होते, एकही आठवला नाही. चिठ्ठी खिशातून काढून तिच्यासमोर ठेवली आणि सांगितलं, ही मला बारा जुलैला सापडली. पुस्तक वाचलंच नव्हतं. एकशे साठ हा आकडा फ्रिजवरचा होता. आणि सापडल्यावरही महिनाभर मला तोंड उघडता आलं नाही.
तिने चिठ्ठी उचलून हातात घेतली. मग म्हणाली, मला वाटलं, तू वाचून गप्प बसलास. मागच्या वेळी आला नव्हतास ना, म्हटलं दादाला हे झेपत नाही, आता पुन्हा कधी काही सांगायचं नाही. तुझा आवाज नकोसा व्हायचा म्हणून फोन आटोपायचे. मी म्हटलं, मागच्या वेळीही यायला हवं होतं. इन्स्पेक्शन एकाच लिफ्टचं होतं. ती म्हणाली, मला माहीत आहे. आणि रडायला लागली. मीही. बाळ झोपलेलंच.
तेवढ्यात तिचा नवरा थर्मास घेऊन आला. तर धाकटी डोळे पुसत, हसत त्याला सांगते, अहो ऐका, दादाने वाचलंच नव्हतं, तो दुष्ट नाही, नुसता आळशी आहे! जन्मात मला कुणी इतक्या आनंदाने आळशी म्हटलेलं नाही. तिच्या नवऱ्याने माझ्या पाठीवर थाप मारली. अभिनंदन कुणी कुणाचं करायचं तेच कळेना.
मग तिने बाळ उचलून माझ्या हातात दिलं. एवढंसं वजन, पण मी ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं. धाकटी माझ्याकडे रोखून बघत होती. म्हणाली, दादा, आता हिच्यासमोर खरं सांग, कितव्या पानावर आहेस?
मी बाळाकडे बघितलं आणि म्हटलं, एकतीस.
सव्वीस.