ज्याच्या हातून बार उडेल

३ मार्च
आलो एकदाचा! बंदुका दुरुस्त करणाऱ्या या कारखान्यात पाऊल ठेवलं, तेलाचा आणि जळक्या दारूचा वास नाकात भरला, आणि वाटलं, आपण योग्य दारात उभे आहोत. लांबट खोली, तीन बाकं, प्रत्येकावर काम घट्ट पकडायचा शेगडा. बाजूला आवार; त्याच्या टोकाला वाळूच्या पोत्यांची भिंत आणि तिच्यावर नेमाचा पुठ्ठा. आवाराच्या डाव्या अंगाला आमची खिडकी. उस्तादांनी माझी कानस निरखून पाहिली आणि म्हणाले, हत्यार जपतोस, म्हणजे बोटंही जपशील. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, घरी कोण कोण असतं ते विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आत ताटात आणखी वाढलं.

खिडकीजवळचं बाक डावऱ्याचं. डावखुरा गडी, नऊ वर्षं इथे आहे. मला म्हणाला, अरे नव्या, भिऊ नकोस, इथे फक्त बंदुका रुसतात, माणसं नाहीत. सगळे हसले. मीही हसलो. खिडकीजवळ उजेड मात्र सुरेख आहे.

६ मार्च
एक जुनी एकनळी आली आहे. एका वेळी एकच काडतूस. तक्रार अशी की चाप ओढला की नुसतं टक् होतं, बार उडत नाही. बंदुकीचा मालक म्हणाला, दोघा भावांच्या वाटणीत हिच्यावरूनच डोकी फुटली, आता घरात नको.

इथली शिस्त मला आवडली. बार उडाला नाही तर नळी पोत्यांकडेच धरून तीस मोजायचे, मगच उघडायची; काडतूस कधीकधी उशिरा पेटतं. मग त्याच्या बुडाची टोपी भिंगाखाली घ्यायची. तिच्यावर आपटणाऱ्या पिनेचा खळगा खोल की उथळ, मधोमध की कडेला, त्यावरून रोग कळतो. आणखी एक रीत अशी की हट्टी बंदूक ज्याच्या हातून तीन दिवस नीट चालेल, त्याने हवं ते बाक मागावं. डावऱ्याने खिडकी अशीच मिळवली.

१० मार्च
डावऱ्याने पिन बदलली. टक्. मी सुकलेलं ग्रीस रॉकेलने धुऊन काढलं, नवी स्प्रिंग घातली, कोरड्या डब्यातली ताजी काडतुसं घेतली. टक्. खळगे उथळ, जणू कुणी नखाने दाबलं. भुताखेतांच्या गोष्टी ही आळशी कारागिराची सबब आहे, हे मी चारचौघांत ठणकावून सांगत आलो. यंत्राला कारण असतंच!

उस्ताद डावऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुझ्याच हाताला सापडेल बाबा. आणि मी काय इथे माशा मारत होतो? काकूंनी त्याला न विचारता वाढलं. मला विचारलं.

१२ मार्च
उडाला! नळी पुठ्ठ्यावर होती, पण डोळे खिडकीवर. डावरा कानस चालवत गुणगुणत होता आणि उस्ताद त्याच्याकडे पोटच्या पोराकडे बघावं तसे बघत होते. ती नजर माझ्या वाट्याला यायला हवी, असं मनात आलं, आणि बार उडाला. खळगा खोल, बरोबर मधोमध. उस्ताद म्हणाले, मानलं. मग डावऱ्याने हातात घेतली. टक्. काय गोड आवाज!

१३ मार्च
पाचांपैकी चार उडाले. एक चुकला, कारण डावऱ्याने चहा आणून दिला आणि क्षणभर मला तो बरा वाटला. मग मी मुद्दाम एकेक गोष्ट आठवत बसलो. नऊ वर्षं. खिडकी. काकूंचं वाढणं. पुढचा उडाला.

रोग कळला. बोलता येणार नाही म्हणून लिहितो: ही बंदूक हेव्यावर चालते.

१४ मार्च
पाचही उडाले. पण छर्रे पुठ्ठ्याच्या डाव्या कडेला. नळीत दोरा ताणून पाहिला, सरळ आहे. डावीकडे खिडकी. खिडकीशी डावरा.
मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही.

१५ मार्च
बाक माझं! डावरा आपली हत्यारं उचलून कोपऱ्यात गेला. उस्तादांचा हात माझ्या खांद्यावर. काकूंनी मला न विचारता वाढलं. डावरा हसला, नुसत्या ओठांनी.

१७ मार्च
उस्तादांनी गिऱ्हाइकापुढे एक बार उडवून दाखवायला सांगितलं. टक्. पुन्हा टक्. हेवा करायला माझ्याकडे उरलंय काय?
डावरा म्हणाला, आण इकडे, बघू.
उडाला.
सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. त्याचा अर्थ मला एकट्याला कळला.

१८ मार्च
तो रोज उडवतो. छर्रे डावीकडे सरकताहेत. खिडकीच्या चौकटीत सात रुतलेत.

१९ मार्च
काच फुटली. बंदूक भट्टीत टाका, असं मी ओरडलो. उस्तादांनी विचारलं, हरलास म्हणून का? डावऱ्याने वर चिमटा काढला की नव्या, खिडकीचा वारा बाधला का रे?
उस्तादांनी ती त्यालाच तपासायला दिली. त्यालाच —

२० मार्च
बाक सोडलं. आतल्या भिंतीशी बसलो. दुपारी आवारात त्याचा बार उडाला आणि इथे भिंतीचा गिलावा आतून फुगला, छर्र्याएवढा. माझ्या खांद्याच्या उंचीवर.
खिडकीचा प्रश्नच नव्हता. ती मला शोधते —

२१ मार्च, सकाळ
उपाय एकच. त्याला खरं सांगायचं, की बाक मी कसबाने जिंकलं नाही. मग त्याला हेवा वाटणार नाही. आणि उस्ताद मला दार दाखवतील. सत्यासाठी गळा फाडणारा मी — एक वाक्य तोंडातून निघत नाही.

२१ मार्च, दुपार
आज गिलावा गळ्याच्या उंचीवर फुगलाय.
तो आवारात उभा आहे. काडतूस भरून नळी मिटल्याचा आवाज आला. हाक मारली — कानात बोळे, ऐकत नाही. दारातून जायचं तर त्याच्या समोरूनच —
लिहून पान खिडकीत धरतो. मोठ्या अक्षरांत —
डावऱ्या, थांब. बाक तुझंच आहे. मी तुझा फार