बाबांची बिडी

लालबाग, मंगळवार, संध्याकाळ

बाबांनी आज डॉक्टरांना चक्क खोटं सांगितलं. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसं पार खराब दिसली. डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, बिडी ओढता का?"

"हो, पुष्कळ," बाबा म्हणाले.

जन्मात बिडीला हात न लावलेला माणूस! आणि गिरणीत कापसाची धूळ गिळत काढलेली वीस वर्षं? त्याबद्दल अवाक्षर नाही. मीही गप्प बसले. का बसले?

घरी येताच भांडले. तर म्हणाले, "संप करून गिरणी आम्हीच बंद पाडली, पोरी. आता या खोकल्याचं खापरही तिच्याच माथी फोडू?"

उद्या जाऊन डॉक्टरांना खरं सांगायलाच हवं. पण कोणत्या तोंडाने? निघताना बाबांनी हात जोडून बिडी सोडायचं वचनसुद्धा दिलंय.