प्लूटोचा निरोप येईपर्यंत

रविवार, ५ जुलै

मिनूने सकाळी चहा घेतला नाही. विचारलं तर म्हणे, "आजी, यान बोलेनासं झालं होतं." चेहरा पाहून मला वाटलं होतं, कोणाचं लग्न मोडलं. ही नात अशीच. नऊ वर्षांपासून ते यान प्लूटोकडे निघालंय, आता पोचायला आलं अन् मध्येच गप्प बसलं. तासाभराने बोललं म्हणे, पण अजून तब्येत ठीक नाही. दिलीप पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "थकलं असेल. तुझी आजी नाही का गुडघे धरून बसत." पोरगी रडकुंडीला आली. बापाने असं बोलू नये.

धोंड्याचा महिना अर्ध्याच्या वर गेला. रावेरहून शोभाचा फोन नाही. मीच लावला. जावई येतील का विचारलं तर "बघू माय" म्हणते. या "बघू"वर तीन वर्षं काढली.

मंगळवार, ७ जुलै

यान सुधरलं! मिनूने दोनदा वरण मागून घेतलं. बरं वाटलं.

लिहूनच टाकते, कोणाला सांगणार. मागच्या धोंड्याच्या महिन्यात जगदीशरावांना जेवायला बोलावलं होतं. पाय धुतले, औक्षण केलं, पुरणाचे धोंडे ताटात. जगदीशराव शाळेत भूगोल शिकवतात, तर जेवताना पोरांना ग्रह सांगत होते, नऊ. दिलीप म्हणाला, "दाजी, आता आठच. प्लूटोला पंगतीतून उठवलं." ते म्हणाले, कोणी उठवलं, काय अधिकार? हा म्हणतो, "लहान होता, उगीच मोठ्यांच्या ओळीत बसला होता." आमच्या दिलीपचं तोंड केळीच्या मंडीत बोलून बोलून तसं झालंय, मनात काही नसतं. पण जगदीशरावांच्या घरची शेती आमच्याहून कमी. ते उठलेच. धोंडा ताटात तसाच.

तेव्हापासून शोभा राखीला एकटी येते. सकाळी येते, संध्याकाळच्या गाडीने जाते. मुक्काम नाही. रात्रीचं बोलणं राहून जातं सगळं.

गुरुवार, ९ जुलै

प्लूटोच्या अंगावर बदाम निघाला. पत्त्यातला असतो तसा, पांढुरका. मिनूने मोबाईलवर दाखवला. मी म्हटलं, कोणीतरी काढला असेल. "आजी, तिकडे कोण जाणार काढायला!" खरंच आहे.

त्यांचा एक ग्रुप आहे, 'नववा ग्रह'. बऱ्हाणपूर, खंडवा, भुसावळची मंडळी. दिवसभर टिंग टिंग. मिनू वाचून दाखवते अन् मी वाती करते. आमच्या बऱ्हाणपुरातल्या लालबागचा एक टेलर लिहितो, इतकी वर्षं चालून हे यान तिथे उतरणार नाही, नुसतं बाजूने जाणार? आमचे मेहुणे पण असेच, दारावरून जातात, चहाला थांबत नाहीत. मी इतकी हसले की वाती सांडल्या. मग हसू आपोआप बंद झालं.

खाली आणखी एकाने लिहिलेलं, "ज्याला पंगतीतून उठवलं, त्यानेच जगाला बदाम पाठवला." मी विचारलं, हे कोण? मिनूने आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणे, "फुफाजी आहेत. तू पप्पांना सांगू नको."

म्हणजे जगदीशराव अजून तिथेच आहेत. त्या ताटावर.

शनिवार, ११ जुलै

काय करून बसले मी.

मिनूला म्हटलं, मला जगदीशरावांशी बोलायचंय, फोन लावला तर ते शोभाला देऊन टाकतात. ती म्हणे, आवाज भरून पाठव, इथे दाबून धर. धरलं. मी म्हणाले, "जगदीशराव, मी बोलतेय, सासू. मंगळवारी यान प्लूटोच्या दारावरून जाणार. तुम्ही आमच्या दारावरून जाऊ नका. महिना संपत आला. मी अनारशाचं पीठ करून ठेवलंय, अनारसे तळते. दिलीप चुकला, पण तो माझा पोरगा आहे, मी त्याला कुठे टाकू? तुम्ही या. टीव्हीवर सगळे मिळून बघू."

मिनूने कपाळावर हात मारला. ग्रुपवर गेलं! दोनशे लोकांनी ऐकलं. खंडव्याचा कोणी लिहितो, "सर, आप जा रहे हो कि हम आ जाएं अनारसे खाने?" टेलर लिहितो, "सासूबाईंचा सिग्नल मिळाला, उत्तर द्या." मला कुठे तोंड लपवू झालं. दिलीपला कळलं तर.

संध्याकाळी त्यांचं आलं. ग्रुपवरच. "येतो. पण यानासाठी."

यानासाठी तर यानासाठी.

सोमवार, १३ जुलै

अनारसे फुटले नाहीत, जाळी छान पडली. खिचडीचे तांदूळ निवडताना मिनू म्हणाली, तिकडे तांदळाच्या दाण्याएवढा खडा जरी यानाला लागला तरी सगळं संपलं, इतकं जोरात पळतंय. म्हणून मी ताटातले खडे दोनदा पाहून काढले. वेडेपणा.

दिलीपला सुनेने, सुरेखाने, सांगितलं, उद्या दाजी येताहेत. तो म्हणाला, "येऊ दे ना, मी कुठे अडवलंय." अन् संध्याकाळी गुपचूप पंखा दुरुस्त करून घेतला, पुढच्या खोलीतला. सुनेने मला डोळ्याने दाखवलं.

मंगळवार, १४ जुलै

आले. शोभा मागे, ते पुढे. केस पांढरे झाले. मी पाय धुवायला पुढे झाले तर म्हणे, "आई, आधी यान." दिलीप म्हणाला, "या." ते म्हणाले, "मिनू, टीव्ही कुठे आहे?"

गल्लीतले पण येऊन बसले, मीच सांगून ठेवलं होतं, प्लूटो दाखवणार म्हणून. साडेपाचच्या सुमारास टीव्हीवर यान पाठवणारी तिकडची मंडळी उड्या मारायला लागली, छोटे छोटे झेंडे हलवत. मी म्हटलं, कुठाय? काहीच नाही! शेजारच्या चाची म्हणाल्या, "इतना ही था?" अन् चपला घालून गेल्या. माझी फजिती झाली. मला वाटलं होतं, क्रिकेटसारखं दिसेल.

जगदीशराव मात्र हात जोडून बसलेले. समजावून सांगितलं, शाळेतल्यासारखं. "आई, ते आता फोटो काढतंय. त्यासाठी अंग तिकडे वळवावं लागतं, मग आपल्याशी बोलता येत नाही. काम संपलं की वळून 'मी बरा आहे' एवढा निरोप धाडणार. तो पोचायलाच साडेचार तास. उद्या सकाळी कळेल जिवंत आहे की नाही."

मी म्हटलं, मग आता जेवून घ्या.

"नाही. निरोप येईपर्यंत धोंडा तोंडात घालणार नाही."

शोभाने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. संध्याकाळची गाडी निघून गेली. मी हळूच आत जाऊन गाद्या काढल्या. त्या यानाला म्हटलं, सावकाश बोल बाबा, घाई नाही.

साधी खिचडी खाल्ली दिलीपने अन् जगदीशरावांनी. समोरासमोर. "तुझ्या पप्पांना लोणचं पाहिजे का विचार." "फुफाजींना सांग, नको." मिनू मध्ये पोस्टमन.

बुधवार, १५ जुलै

सहा वाजता लाईट गेली. आजच जायची होती! टीव्ही बंद, मिनूच्या मोबाईलला नेट नाही. जगदीशराव येरझाऱ्या घालत होते, डोळे लाल, झोपले नसावेत. दिलीप उठून आला, म्हणाला, "दाजी, गच्चीवर टाकीजवळ माझं नेट चालतं. चला." किती दिवसांनी सरळ बोलला. तेही मुकाट्याने गेले मागे.

मी जिना चढत नाही. आज चढले. पाहते तर दिलीप हात उंच करून मोबाईल धरून उभा, ते मान वर करून बघताहेत. चित्र अडकत अडकत चाललेलं. दिलीप विचारतो, "नाही आला तर?" ते म्हणाले, "तर नऊ वर्षं गेली." दिलीपने दुसराही हात लावला, हलू नये म्हणून.

अन् मग आला! तिकडे सगळे ओरडले, जगदीशराव ओरडले, "बरा आहे! आई, बरा आहे!" दिलीपला कवटाळलंच. मग लक्षात आलं, सोडलं. मोबाईल टाकीत पडता पडता वाचला.

सकाळी चहाच्या टाईमला धोंडे कोणी वाढत नाही. मी वाढले. पाय धुतले, दिवा ओवाळला, दोन धोंडे खाल्ले त्यांनी, तूप मागून. दिलीपने वाढलं तूप. ग्रह किती, हा विषय कोणी काढला नाही. माझ्या छातीवरून पाटा उतरला.

गुरुवार, १६ जुलै

जगदीशराव सकाळच्या गाडीने शाळेला गेले. शोभा राहिली! काल रात्री मी तिच्याशी बोलत बसले, काय काय साठलं होतं. मिनू म्हणते, सगळे फोटो यायला वर्षाच्या वर लागेल, ते फार हळू बोलतं.

पण शोभाला न्यायला ते येणार का, बोलले नाहीत. पाठवून द्या, असंही नाही. आपण पोचवायचं म्हटलं तर दिलीपला त्यांच्या घरी जावं लागेल. त्या दिवसापासून गेला नाही तो.

आता अंगणात मोटारसायकल पुसत बसलाय. पुसता पुसता म्हणाला, "रावेर काय लांब आहे." कोणाला म्हणाला, कळलं नाही. शोभा ओट्यावर शेंगा सोलत होती. तिने वर पाहिलं नाही, हात मात्र थांबला.