तसबिरीपुढचा डावा हात

रविवार, ५ ऑक्टोबर
मिस्सानंतर फादरांनी चर्चच्या हॉलमध्ये तो माहितीपट दाखवला. सीमेवरच्या कारखान्यांतल्या बायकांचा — आमच्याच! मे महिन्यात ती कॅमेरावाली मुलगी दोन दिवस मी चालवतो त्या कारखान्याच्या बसमध्ये होती. एका बाईचा चेहरा पुसट केलाय, आवाजही बदललाय. "वायरी ओढून ओढून उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. सांगितलं तर काढून टाकतील. घरीसुद्धा बोलले नाही." मग ती बसमध्ये चढते आणि माझ्या ग्वादालुपे मातेच्या तसबिरीपुढे क्रुसाची खूण करते. डाव्या हातानं!
माझी लेक नोएमी शेजारीच होती. "बाबा, घरी चला ना, डोकं दुखतंय."

मंगळवार, ७
कारखान्यातल्या बारासा इंजिनियरांनी बोलावलं. "तसबीर तुमच्याच बसमधली, लाझारो. बाई कोण? काढणार नाही हो तिला. डॉक्टरांना हात दाखवू."
बोटं कायमची जाण्याआधी दाखवलेला बरा. पण नाव सांगायचं — मी?

बुधवार, ८
चढणाऱ्या प्रत्येकीचा हात बघतोय. सगळ्या उजव्याच. बसमधल्या ओव्हिडियानं पकडलं. "लाझारोकाका, पन्नाशीला आलात, आरशात काय शोधताय? काकूंना सांगू?" सगळी बस हसली. नोएमी तेवढी खिडकीबाहेर बघत होती. तीही याच कारखान्यात, घरूनच माझ्याबरोबर निघते. मी इंजिन तपासतो तोवर मागच्या बाकावर जाऊन डोळे मिटते. दमते पोर.

गुरुवार, ९
ओव्हिडियाच! उजव्या हातात डबा आणि पिशवी, डाव्यानं खूण. तिलाच विचारू का? नाहीच म्हणेल. दोन थांबे न थांबता गेलो. बायका ओरडल्या.

शुक्रवार, १०
नाव सांगितलं. इंजिनियर म्हणाले, "पुण्य केलंत." मातेपुढे मेणबत्ती लावली. तरी जीव थाऱ्यावर नाही.

सोमवार, १३
थांब्यावर ओव्हिडिया नव्हती. तिची बहीण होती. "शनिवारी गेटवरच ओळखपत्र काढून घेतलं तिचं. दहाही बोटं मिटून दाखवत होती हो, काका — बघा, बघा म्हणून! कोणी बघितलंच नाही. कुणी नाव सांगितलं असेल तिचं?"
गिअर पडेना.

मंगळवार, १४
जेवणाआधीची प्रार्थना मीच म्हणतो, लग्न झाल्यापासून, डोळे मिटून. आज मिटवेनात. बीन्सची वाफ वर येत होती. बायकोचे डोळे मिटलेले, नोएमीचेही. तिचा उजवा हात मांडीवर पडला होता, बोटं अर्धवट उघडी.
क्रुसाची खूण तिनं डाव्या हातानं केली.